हुडकेश्वरवरून जाणारा रस्ता

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते आणि शहराच्या टोकाला, बेसात, स्वतःच्या घरामागे रस्ता चुकते. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण बेसात कोणीही चुकेल. एका ले-आउटमधून निघालेला रस्ता दुसऱ्या ले-आउटच्या कुंपणाला जाऊन थांबतो. परत फिरावं तर तीच घरं, त्याच गच्चीवरच्या काळ्या टाक्या, तीच 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी. मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हा वाटलं होतं की पन्नाशीत पळणं कठीण जाईल. पळणं त्यामानाने सोपं निघालं. कुठे पळायचं हे ठरवतानाच माझ्या नाकी नऊ आले.

सल्ले द्यायला सगळे तयार होते. आमच्या रनिंग ग्रुपचे बळीराम सर म्हणाले, सिमेंट रोडवर पळाल तर गुडघे जातील, डांबरी रस्ता शोधा. आता बेसात डांबरी रस्ता मी कुठून आणू? आउटर रिंग रोडवर ट्रक अंगावर येतात. मनीषनगरकडची कुत्री मला वासावरून ओळखतात. आमचे हे, म्हणजे ऋषिकेश, आयुष्यात बससाठीसुद्धा पळालेले नाहीत, पण रोज संध्याकाळी मोबाइलवर बोटाने माझा रस्ता काढून देत. एकदा तो रस्ता नाल्यातून गेला. "पाणी नसेल तिथं," ते म्हणाले.

शेवटी मीच ठरवलं. बेसाहून पिपळा, पिपळ्याहून हुडकेश्वर आणि तसंच परत. ज्या रविवारी जास्त पळायचं त्या रविवारी हाच फेरा पुन्हा. बळीराम सरांना मी सांगितलं की तिकडे डांबर आहे, झाडं आहेत, कुत्री कमी आहेत. यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की हुडकेश्वरच्या त्या रस्त्यावर श्वेताचं घर आहे.

श्वेता माझी एकुलती एक मुलगी. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. अश्विन तिच्याच ऑफिसातला. ते बौद्ध, आम्ही कुणबी. आमच्या घरात कोणी आवाज चढवला नाही, कोणी रुसून बसलं नाही, आणि याचा मला अभिमान होता हेही सांगून टाकते. माझ्या सासूबाई अंजनाबाई ऐंशीच्या घरात आहेत, पण त्यांनीसुद्धा विहारात बसून सगळा विधी नीट पाहिला आणि नातजावयाच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं छान झालं. दिवाळीपर्यंत श्वेता फोनवर तासभर बोलायची. मग बोलणं आखूड झालं. कसं चाललंय विचारलं की "छान आहे." सासू कशा आहेत? "छान आहेत." माझ्या मुलीने लागोपाठ दोनदा छान म्हटलं की काहीतरी बिनसलंय हे मी ओळखते.

रोज उठून मुलीच्या घरी जाणाऱ्या आया मला आवडत नाहीत. तशी मी होणार नव्हते. पण पळणाऱ्या बाईला कोण काय विचारणार? ती तर पळतेय. घरासमोरून जाताना दोन क्षण तिचा चेहरा दिसला तरी मला कळलं असतं की मुलगी सुखात आहे की नाही. निदान मला तसं वाटलं होतं.

पहिल्या रविवारी थंडी चांगली होती. श्वेता अंगणात रांगोळी काढत होती. मला पाहून ती उठली आणि हसली. जयवंताबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, फाटकाशी आल्या. उंच, ताठ बाई. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्या आहेत, यजमान जाऊन काही वर्षं झाली, आणि बोलतात ते मोजकंच. त्यांच्या एका हातात स्टीलचा गडवा आणि दुसऱ्या हातात गिलास होता.

"ईनबाई, पानी घ्या. किती घाम आला तुम्हाले," त्या म्हणाल्या.

मी हसून हात हलवला, नको नको म्हटलं आणि पुढे पळाले. कमरेच्या पट्ट्यात माझी बाटली होती, पण खरं कारण ते नव्हतं. आदल्या संध्याकाळी अंजनाबाईंनी मला बजावलं होतं. "त्या रस्त्यानं जाऊन राहिली तर जा, पन ध्यानात ठेव वं. लेकीले मूल होईपर्यंत तिच्या घरचं पानी पेत नाई." ही रीत मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझ्या आजीने पाळली होती. म्हातारीचा शब्द राखला तर आपलं काय जातं, असा मी विचार केला. आणि विहीणबाईंना हे सांगायचं तरी कसं? मुलाबाळाचा विषय काढावा तर त्यांना वाटणार की ही आत्तापासून घाई करून राहिली.

घरी आल्यावर अंजनाबाईंनी विचारलं, "रस्त्यात पानी-गिनी पेली काय वं कुठं?" मी नाही म्हटलं. किती काळजी करतात, असं मनात आलं.

दुसऱ्या रविवारी गडव्यात लिंबाचं सरबत होतं. वर पुदिन्याचं पान. मी पुन्हा हात हलवला. या खेपेला हसणंही जमलं नाही, कारण चढ होता आणि धाप लागली होती. "येते हं," एवढं म्हटल्याचं आठवतं. श्वेता पायरीवर उभी होती. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही, आणि पुढचा सगळा रस्ता मी तेच आठवत राहिले.

तिसऱ्या रविवारी फाटक बंद होतं.

जयवंताबाई अंगणातच होत्या. त्या शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं, मान किंचित हलवली आणि पुन्हा कुंड्यांकडे वळल्या. श्वेता खिडकीत होती. मी हात केला तर ती आत गेली. माझी लय गेली. पिपळ्याला डावीकडे वळायचं ते मी उजवीकडे वळले आणि कुठल्याशा ले-आउटमध्ये शिरले. तिथे सगळे रस्ते एका तुरीच्या वावरापाशी संपत होते. तिथे उभी राहून मी विचार केला. काय झालं? मी सारखी येते असं वाटलं का त्यांना? माझी ती घट्ट पॅन्ट आवडली नाही का? की श्वेतालाच काही त्रास आहे आणि तो माझ्यापासून लपवताहेत? एक तर्क केला की दुसरा त्याला खोडून काढायचा. काही केल्या उमगेना. एका गुराख्याला रस्ता विचारून मी घरी आले.

"मग रस्ता बदल," ऋषिकेश म्हणाले आणि लगेच मोबाइल काढला.

मी बदलला. चौथ्या रविवारी ग्रुपबरोबर सिव्हिल लाइन्समध्ये पळाले. सुंदर झाडं, गुळगुळीत रस्ता, आणि माझा जीव कुठेच लागेना. दुपारी श्वेताचा फोन आला.

"आई, आज नाई आली?"

"रस्ता बदलला."

"काहून?"

"कुत्रे आहेत वं तिकडं फार."

 "बरं. बदल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. माझं येणं नको होतं म्हणून मी गेले नाही, तर न येण्याचाही राग? मी ऋषिकेशवर उगाचच चिडले. ते बिचारे तेव्हा फक्त भात वाढून घेत होते.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी श्वेता एकटीच गाडीवर आली. आजीला नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसली. लग्नाआधी बसायची तशीच, फक्त हेल्मेट मांडीवर धरून. आपण लवकरच उठणार आहोत असं बसण्यातून सांगत असावी तशी.

"आई, तू आमच्या घरचं पानी काहून नाई पेली?"

मला हसूच आलं. सुटल्यासारखं वाटलं. "एवढंच होय? अगं, लेकीच्या घरचं पीत नाई मूल होईपर्यंत. आजीनं सांगतलं मले."

"मग हे त्यांना काहून नाई सांगतलं?"

"पळता पळता काय सांगू? आन् मुलाचं काय बोलू त्यांच्याजवळ?"

श्वेता हेल्मेटचा पट्टा ओढत बसली. "तू गेल्यावर त्यांनी ते सरबत झाडात ओतलं. किती वेळ फाटकातच उभ्या होत्या. संध्याकाळी मले विचारलं, तुह्या आईले आपल्या घरचं पानी चालत नाई काय?"

मला आधी कळलंच नाही. खरं सांगते, कळलं नाही. चालत नाही म्हणजे? पाणी आहे, त्यात न चालायला काय झालं? मग ते हळूहळू आत उतरलं आणि माझे कान तापले. पहिल्यांदा राग आला. असं त्यांनी माझ्याबद्दल मनात तरी कसं आणलं? मी तशी आहे का? तशी असते तर पोरगी दिली असती का?

हे सगळं मी श्वेताला बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं.

"तू तशी नाई, मले माहीत आहे," ती म्हणाली. "पन मी त्यांना काय दाखवू? तू त्या घरात कधी काय खाल्लं, काय पेली, सांग बरं."

मी आठवायला लागले. साक्षगंध सभागृहात झालं. लग्नाचं जेवण लॉनवर, केटररचं. त्यांच्या घरी एकदाच गेलो होतो, दिवाळीत, तेव्हा अंजनाबाई बरोबर होत्या. जयवंताबाई स्वयंपाकघराकडे वळल्या तशा त्या म्हणाल्या होत्या, "काही करू नोका, आत्ताच जेवून आलो." आम्ही जेवून आलो नव्हतो. आपल्या घरून निघताना नुसता चहा घेतला होता. मला तेव्हा वाटलं होतं की म्हातारीला घरी परतायची घाई आहे. मी पुन्हा पुन्हा आठवलं. त्या घरात माझ्या ओठाला कशाचा थेंब लागलेला नव्हता.

"त्या मले काई म्हनत नाई," श्वेता म्हणाली, "तोच तर त्रास आहे. दिवाळीआधी त्या मले ओरडायच्यासुद्धा. आता जपून बोलतात. मी पाहुन्यासारखी झाली त्या घरात, आई."  ती उठली, हेल्मेट घातलं आणि निघून गेली.

अंजनाबाई मागच्या अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि दोन शेंगा हातात घेतल्या.

"आई, लेकीच्या घरचं पानी पेत नाई, असं तुम्ही म्हटलं."

"हो. रीतच आहे."

"मनकर्णाताईंकडे तुम्ही महिनाभर राहिल्या होत्या ना, काटोलले? त्यांना कावीळ झाली तेव्हा? लग्नाले वर्षही नव्हतं झालं." मनकर्णाताई माझ्या नणंद. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. अंजनाबाईंनी तिथे लेकीच्या सासरचा स्वयंपाक सांभाळला, तिथल्याच विहिरीचं पाणी भरलं, तिथेच जेवल्या. ताईंना पहिला मुलगा त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

म्हातारीचे हात चालत होते. सोले वाटीत पडत होते.

"ते वेगळं होतं," त्या म्हणाल्या.

"काय वेगळं होतं?"

"मले काय माईत. वेगळं होतं." आणि त्यांनी टोपली जवळ ओढून घेतली.

मी तिथून उठले. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो त्यांच्यापाशी थांबेना. मनकर्णाताईंची गोष्ट मला तर कालपरवा कळलेली नव्हती. मी या घरात आले तेव्हापासून ऐकतेय. म्हणजे ही रीत आमच्या घरी कोणी पाळत नाही हे मला ठाऊक होतं. मग हुडकेश्वरला गिलास पुढे आला तेव्हा ते मला का आठवलं नाही? आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही? मी स्वतःला खूप विचारलं. मला खरोखर सांगता येत नाही. मनात तसं काही नव्हतं, असं मी शपथेवर सांगेन. आणि तरीही हात तर माझाच हलला होता.

रविवारी सकाळी मी बाटली ओट्यावरच ठेवून निघाले. ऋषिकेशनी विचारलं आज कोणता रस्ता, मी सांगितलं जुनाच. पिपळ्यापर्यंत पाय जड होते. आधी त्यांच्या घराच्या अलीकडूनच वळून एक फेरा पुरा केला आणि दुसऱ्या फेऱ्याला हुडकेश्वर गाठलं तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. तहान खरी असायला हवी होती, मानापुरती नको होती.

फाटक बंद होतं. जयवंताबाई वऱ्हांड्यात वर्तमानपत्र वाचत होत्या. मी फाटकाशी थांबले. मनगटावरचं घड्याळ पिपिप वाजत राहिलं, ते मी बंद केलं.

"ईनबाई, पानी मिळेल काय?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "बाटली नाई आनली आज?"

"नाई."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हळूहळू, कडा जुळवून. मला वाटलं आता त्या आत जातील आणि दार लावून घेतील. तो त्यांचा हक्कच होता.

"फाटकावर पानी देनं मी बंद केलं," त्या म्हणाल्या. "आत या."

मी बूट काढायला वाकले. पोटऱ्यांत गोळे आले होते, लेसची गाठ सुटेना. "राहू द्या ते बूट," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. बैठकीत बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती. मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिथे श्वेता पोळ्या लाटत होती. तिने मला पाहिलं आणि लाटणं थांबवलं. 

मला वाटलं जयवंताबाई गिलास भरून देतील. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तो माठ आहे," त्यांनी बोटाने दाखवलं. "हातानं घ्या."

मी झाकण उचललं. ओगराळं बुडवलं. घाईत अर्धं पाणी जमिनीवर सांडलं आणि उरलेलं गिलासात पडलं. मी प्यायले. पुन्हा ओगराळं बुडवलं आणि पुन्हा प्यायले. वाळ्याचा वास होता त्या पाण्याला. पिताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही. घाम आहे म्हणायलाही सोय होती.

"आज काहून?" जयवंताबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. रीत सांगितली, मनकर्णाताई सांगितल्या, काटोल सांगितलं. "माह्या मनात तसं काई नव्हतं," मी म्हटलं. "पन आता मलेच नीट कळत नाई. तुम्ही मले तेव्हाच विचारायचं होतं."

"कसं विचारू?" त्या म्हणाल्या. "मी विचारलं असतं आन् तुम्ही हो म्हटलं असतं, तर ह्या पोरीले मी काय तोंड दाखवलं असतं? तिले ह्याच घरात राहायचं आहे."

श्वेताने पोळपाटावरची पोळी तशीच ठेवली आणि पिठाच्या हातांनी मला धरलं. एवढे दिवस जिच्या चेहऱ्यावर मी सुख शोधत रस्त्यावरून पळत होते, तिला ही बाई घरात जपत होती. मला फार लाज वाटली आणि बरंही वाटलं.

निघताना जयवंताबाई फाटकापर्यंत आल्या. "येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन या," त्या म्हणाल्या. "जेवायले." हे आमंत्रण होतं की परीक्षा, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर पळणं झालंच नाही. पोटात पाणी डचमळत होतं आणि पाय ऐकत नव्हते. चालतच घरी आले. अंजनाबाई दाराशी उन्हात बसल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "रस्त्यात पानी-गिनी पेली काय वं कुठं?"

एवढे रविवार मला ती काळजी वाटत होती.

"पेली," मी म्हटलं. "श्वेताच्या घरी. माठातलं, हातानं घेऊन, दोन गिलास. येत्या रविवारी आपल्याले जेवायले बोलावलं आहे. तुमचं नाव घेऊन."

त्यांनी पदर सारखा केला. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर एक गाय उभी होती, तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"गाडीत मले मळमळते," त्या शेवटी म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि बुटांची गाठ सोडायला लागले.

"मग चालत जाऊ, आई. मधात बसत बसत. रस्ता मी पाहून ठेवला आहे."